नेपच्यून : एका नांवाचा इतिहास

महाराष्ट्रांतील एखादें पंचांग उघडून त्यांतील ग्रहांचीं कोष्टकें पाहिलीं असतां एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, राहु हीं परंपरागत नांवें ओळीनें येतात, आणि त्यांच्यापुढें हर्षल, नेपच्यून, प्लूटो अशीं तीन परकीं नांवें, वेशीबाहेरून आलेल्या पाहुण्यांप्रमाणें, अंग चोरून बसलेलीं दिसतात. या तीन पाहुण्यांतही पुनः भेद आहे. नेपच्यून व प्लूटो हे देव आहेत. हर्षल हा हाडामांसाचा मनुष्य आहे. जर्मनींतून इंग्लंडांत येऊन स्थायिक झालेल्या विल्यम हर्शेल या वादकानें १३ मार्च १७८१ रोजीं बाथ येथें आपल्या घराच्या बागेंतून जो ग्रह शोधिला, त्यास युरोपांत आज युरेनस म्हणतात. आमचे जोशी मात्र त्यास अद्यापि शोधकाच्याच नांवानें हांक मारितात.

एका ग्रहास मनुष्याचें नांव मिळावें आणि त्याच्या पलीकडील ग्रहास देवाचें मिळावें, हें कसें घडलें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु नेपच्यूनलाही एका मनुष्याचें नांव चिकटण्याची वेळ अगदीं जवळ येऊन ठेपली होती, आणि तें चिकटतें तर दोन मोठ्या राष्ट्रांमधील एक कडवट तंटा आकाशांत कायमचा लिहिला गेला असता. तो प्रसंग कसा टळला, आणि ज्या देवाच्या नांवानें तो टळला तो देव मुळांत कोण होता, हें आम्हीं येथें सांगण्याचें योजिलें आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या पांच ग्रहांचा शोध कोणीं लाविला, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. ते मनुष्यजातीस पिढीजात मिळालेले आहेत. त्यांचें बारसें धर्मानें केलें. रोमन लोकांनीं आपल्या देवांवरून दिलेलीं मर्क्युरी, व्हीनस, मार्स, ज्युपिटर व सॅटर्न हीं नांवें युरोपांत रूढ झालीं. हर्शेलच्या शोधानें मात्र असा प्रसंग प्रथमच आला कीं, ग्रह आहे, त्याचा शोधक डोळ्यांसमोर आहे, आणि नांव नाहीं. हर्शेलनें आपला आश्रयदाता तिसरा जॉर्ज राजा याच्यावरून 'जॉर्जचा तारा' असें नांव सुचविलें. फ्रान्सांत लालांद या ज्योतिषानें त्यास 'हर्शेल' म्हणावें असा पक्ष घेतला. बर्लिनचा बोडे म्हणाला कीं, ज्युपिटरच्या पलीकडे त्याचा पिता सॅटर्न आहे, तर सॅटर्नच्या पलीकडे सॅटर्नचा पिता युरेनस असावा हेंच योग्य. एकाच ग्रहाच्या या तीन नांवांमागें तीन निष्ठा होत्या: राजनिष्ठा, व्यक्तिनिष्ठा आणि परंपरानिष्ठा. परंपरा शेवटीं जिंकली, परंतु सावकाश. इंग्रजांच्या सरकारी नाविक पंचांगांत १८५० च्या सुमारापर्यंत 'जॉर्जियन' हेंच नांव छापलें जात होतें. नेपच्यूनचा जन्म झाला तो हा वाद पुरता शमण्यापूर्वींच.

त्या जन्माची कथा अशी. युरेनस ग्रह म्हणून १७८१ त ओळखला गेला खरा, पण तारा समजून त्याचे वेध त्यापूर्वीं १६९० पासून कित्येकांनीं घेतलेले होते. या जुन्या वेधांचा नव्यांशीं मेळ घालून त्याच्या गतीचीं कोष्टकें तयार करण्याचें काम पॅरिसच्या बूव्हार यानें केलें. तीं १८२१ त प्रसिद्ध झालीं; पण जुने व नवे वेध एकाच कक्षेंत बसेनात. बूव्हारनें जुने वेध सोडून दिले आणि नव्यांवरच भिस्त ठेविली. थोड्याच वर्षांत ग्रह या कोष्टकांसही जुमानीनासा झाला. तेव्हां न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम इतक्या दूर अंतरावर पांगळा पडतो कीं काय, अशी शंका कोणी काढूं लागले. कोणी म्हणूं लागले कीं, युरेनसच्या पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा आणि तोच त्यास ओढीत असावा.

ही ओढ कशी असते तें समजून घेणें अवघड नाहीं. आंतल्या कक्षेंतील ग्रह बाहेरच्यापेक्षां जलद चालतो. बाहेरचा ग्रह पुढें असतां तो आंतल्यास पुढें ओढतो आणि त्याची चाल वाढते. आंतला त्यास ओलांडून गेला म्हणजे तोच त्यास मागें खेंचतो आणि चाल मंदावते. १८२१-२२ च्या सुमारास युरेनसनें नेपच्यूनला असें ओलांडलें होतें. अमुक ग्रह अमुक ठिकाणीं असतां किती ओढ बसेल, हें काढण्याची रीत ठाऊक होती. परंतु ओढीवरून तो न दिसणारा ग्रह कोठें आहे हें काढणें म्हणजे पावलांच्या ठशांवरून मनुष्याचा चेहरा सांगण्यासारखें होतें.

हें काम दोघांनीं, एकमेकांची वार्ता नसतां, अंगावर घेतलें. पहिला जॉन कूच ॲडम्स. हा १८१९ त कॉर्नवॉलमधील एका शेतकरी कुटुंबांत जन्मला. केंब्रिजमध्यें विद्यार्थी असतांनाच, १८४१ च्या जुलैंत, परीक्षा संपतांच हा प्रश्न सोडवावयाचा असें त्यानें टिपून ठेविलें होतें. १८४५ च्या सप्टेंबरांत त्यानें आपलें उत्तर केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिस यास दिलें, आणि ऑक्टोबरांत तो ग्रीनिच येथें राजज्योतिषी एअरी याच्या घरीं गेला. भेट झाली नाहीं. त्यानें एक चिठ्ठी ठेविली. एअरीनें पत्रानें एक शंका विचारली, तिचें उत्तर ॲडम्सनें पाठविलें नाहीं, आणि प्रकरण तेथेंच थांबलें. तरुण गणिती संकोची आणि अधिकारी कामांत बुडालेला, एवढ्यानें एक ग्रह इंग्लंडच्या हातचा निसटला.

दुसरा पॅरिसचा उर्बें लेव्हेरिए. याच्या अंगीं संकोचाचा लेश नव्हता. त्यानें १८४५ च्या नोव्हेंबरांत आणि १८४६ च्या जून व ऑगस्टांत असे तीन निबंध फ्रेंच अकादमीपुढें मांडिले, आणि शेवटच्यांत ग्रहाचें स्थान, वस्तुमान व दिसण्याचा आकारही दिला. तरी फ्रान्सांत कोणी दुर्बीण वळवीना. तेव्हां त्यानें १८ सप्टेंबर १८४६ रोजीं बर्लिन वेधशाळेंतील गाले या साहाय्यकास पत्र लिहिलें. तें २३ तारखेस पोंचलें. गालेनें आपला वरिष्ठ एंके याची परवानगी घेतली आणि त्याच रात्रीं दुर्बीण लाविली. दारेस्ट नांवाचा एक विद्यार्थी त्याजबरोबर होता. बर्लिन अकादमीनें आकाशाच्या त्या भागाचा नवा नकाशा छापविला होता, तो पुढें ठेवून पाहावें असें दारेस्टनें सुचविलें. गाले दुर्बिणींतून एकेक तारा सांगे व दारेस्ट नकाशाशीं ताडून पाही. फार वेळ गेला नाहीं तोंच आठव्या प्रतीचा एक तारा नकाशांत नाहीं असें आढळलें. लेव्हेरिएनें सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाच्याही आंत होता.

ही वार्ता फांकतांच इंग्लंडांत ॲडम्सच्या चिठ्ठीची आठवण झाली. एवढेंच नव्हे, तर एअरीच्या सांगण्यावरून चॅलिसनें जुलैअखेरपासून शोध चालविला होता आणि ऑगस्टच्या ४ व १२ तारखांस तो ग्रह त्याच्या टिपणांत येऊनही गेला होता, असें उघडकीस आलें. नोंदी ताडून न पाहिल्यामुळें तो त्यास ओळखला नाहीं. विल्यम हर्शेलचा पुत्र जॉन हर्शेल यानें ॲडम्सचें नांव ऑक्टोबरच्या आरंभीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केलें, तेव्हां पॅरिसमध्यें संतापाचा भडका उडाला. शोध लागल्यावर 'आमच्या पेटींतही हें उत्तर होतें' असें म्हणणें ही फ्रेंचांच्या मतें शुद्ध चोरी होती. इंग्रजांच्या मतें चोरी नव्हती, दुर्दैव होतें.

आम्हांस वाटतें कीं, आज या वादाकडे थोडें शांतपणें पाहतां येतें. ग्रीनिचच्या दप्तरांतील या प्रकरणाचे मूळ कागद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नाहींसे झाले होते. ते १९९८-९९ त दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत एका दिवंगत ज्योतिषाच्या सामानांत सांपडले. त्यांवरून असें दिसतें कीं, ॲडम्सचें गणित खरें व मोठ्या योग्यतेचें होतें, परंतु त्याचीं उत्तरें वेळोवेळीं बदलत होतीं, आणि दुर्बीणवाल्यास 'येथेंच पाहा' असें ठासून सांगण्याइतका निश्चय त्यांत नव्हता. शोध म्हणजे केवळ उत्तर काढणें नव्हे. तें दुसऱ्यास पटवून त्यास पाहावयास लावणें हाही शोधाचाच भाग आहे. या दृष्टीनें मान लेव्हेरिएचा ठरतो. परंतु त्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, दोघांनींही ग्रहाचें अंतर चुकीचें धरिलें होतें. ज्या बोडेनें युरेनसचें नांव ठेविलें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रहांतरांच्या नियमावर दोघेही आरंभीं विसंबले होते. लेव्हेरिएच्या हिशेबीं ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या ३६ पट दूर असावयाचा. तो निघाला ३० पट. १८२१-२२ च्या भेटीच्या आसपासचीं वर्षें हिशेबांत असल्यामुळें दिशा तेवढी बिनचूक साधली. यशांत दैवाचाही वांटा होता, हें दोन्ही राष्ट्रांस त्या वेळीं कबूल करवलें नसतें.

आतां नांवाकडे वळूं. गालेनें लेव्हेरिएस कळवितांना 'जेनस' हें नांव सुचविलें. जेनस हा रोमन लोकांचा द्वारदेव, दोन तोंडांचा, उंबरठ्याचा स्वामी. लेव्हेरिएस तें रुचलें नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, या नांवानें हा ग्रह सूर्यमालेची वेस आहे असें सूचित होईल, आणि तसें मानण्यास आधार नाहीं. त्यानें उत्तरीं 'नेपच्यून' हें नांव व त्रिशूळ हें चिन्ह कळविलें, आणि फ्रान्सच्या रेखांश-मंडळानें तें ठरविलें असल्याचेंही लिहून टाकिलें. मंडळानें वस्तुतः कांहींच ठरविलें नव्हतें. पण थोड्याच दिवसांत त्याचें मन फिरलें. नांव ठेवण्याचा अधिकार त्यानें पॅरिस वेधशाळेच्या आरागो यास दिला, आणि आरागोनें ५ ऑक्टोबर रोजीं अकादमींत जाहीर केलें कीं, आपण या ग्रहास लेव्हेरिएवांचून दुसऱ्या नांवानें संबोधणार नाहीं. धूमकेतूंस शोधकांचीं नांवें देतात, मग ग्रहांस कां देऊं नयेत, असा त्याचा सवाल होता. हा प्रघात जुना आहे असें दिसावें म्हणून लेव्हेरिए आपल्या लिखाणांत युरेनसलाही आग्रहानें 'हर्शेल' म्हणूं लागला. आमच्या पंचांगकर्त्यांस ठाऊक असो वा नसो, त्यांच्या कोष्टकांतील 'हर्षल' हा शब्द त्याच फ्रेंच पक्षाचा आहे.

इंग्लंडांत चॅलिसनें 'ओशनस' असें नांव पुढें केलें. प्रत्येक नांव या ना त्या पक्षाचें निशाण झालें होतें. हा पेंच सोडविला तो तिसऱ्याच देशांतील ज्योतिषांनीं. रशियांतील पुलकोवो वेधशाळेचा प्रमुख स्ट्रूव्ह यानें १८४६ च्या डिसेंबरअखेर सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमींत 'नेपच्यून' या नांवाचा पुरस्कार केला, आणि जर्मनी व इंग्लंड येथील ज्योतिषांचाही कल तिकडेच झाला. ज्या नांवाचा उच्चार प्रथम लेव्हेरिएच्या पत्रांत झाला होता त्यास फ्रेंचांना परकें म्हणतां येईना, आणि ज्यांत फ्रेंच मनुष्याचें नांव नव्हतें तें स्वीकारण्यास इंग्रजांना कमीपणा वाटेना. आपलेंच नांव मिळविण्याच्या हव्यासानें ज्यास त्यानें दूर लोटलें, त्याच नांवानें लेव्हेरिएचा ग्रह जगांत ओळखला जाऊं लागला.

हा नेपच्यून म्हणजे रोमन समुद्रदेव, हातीं त्रिशूळ, रथास समुद्राश्व, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु मूळचा नेपच्यून असा नव्हता. जुने रोमन लोक शेतकरी व धनगर. समुद्राशीं त्यांचा संबंध बेताचा. त्यांच्या सर्वांत जुन्या पंचांगांत २३ जुलै या दिवशीं नेपच्यूनचा सण आहे. हा इटलींतील कडक उन्हाळ्याचा काळ; ओढे आटलेले, पिकें पाण्यासाठीं तळमळत असलेलीं. त्या दिवशीं लोक झाडांच्या फांद्यापानांचीं खोपटीं घालून त्यांच्या सावलींत उत्सव करीत. दोनच दिवसांनीं, २५ तारखेस, फुरिना या देवतेचा सण येई, आणि तिचा संबंध झऱ्याशीं होता. यावरून पुष्कळ विद्वानांचें असें मत झालें आहे कीं, आरंभीं नेपच्यून हा गोड्या पाण्याचा, झऱ्यांचा व ओढ्यांचा देव होता. त्याची सहचरी सालाकिया हिचें नांव रोमन पंडित खाऱ्या समुद्राशीं जोडीत. अलीकडील अभ्यासक तें उसळून वर येणाऱ्या पाण्याशीं जोडतात. नेपच्यून या शब्दाच्याच व्युत्पत्तीसंबंधीं कांहीं विद्वानांनीं आमच्या ऋग्वेदांतील 'अपां नपात्' या देवतेकडे बोट दाखविलें आहे. ती व्युत्पत्ति सर्वमान्य नाहीं, पण उन्हाळ्यांत ज्याची आळवणी होते त्या जलदेवाशीं ती विसंगतही नाहीं.

मग हा झऱ्याचा देव समुद्रावर गेला कसा? ग्रीकांच्या संगतीनें. ग्रीक हे दर्यावर्दी. त्यांचा पोसायडन हा भयंकर समुद्रदेव, भूकंप करणारा, घोड्यांचा स्वामी. तीन भावांनीं सृष्टि वांटून घेतली तेव्हां झ्यूसच्या वांट्यास आकाश, पोसायडनच्या वांट्यास समुद्र आणि हेडीसच्या वांट्यास पाताळ आलें, अशी त्यांची कथा आहे. ग्रीकांचे देव व आपले देव एकच असें रोमन लोक समजूं लागले, तेव्हां पाण्याचा म्हणून जो एक देव त्यांजपाशीं होता त्याच्या माथीं पोसायडनचें सगळें चरित्र आलें. इ. स. पूर्वीं ३९९ त रोगराईमुळें रोममध्यें देवांस मंचकांवर बसवून मेजवानी देण्याचा विधि प्रथमच झाला. त्यांत नेपच्यूनची जोडी व्यापाराचा देव मर्क्युरी याच्याबरोबर बसविली होती. समुद्र म्हणजे व्यापाराची वाट, ही ओळख तेव्हांपासून रोमनांस पटूं लागली होती असें यावरून म्हणतां येईल. पुढें इ. स. पूर्वीं २६४ त कार्थेजशीं पहिलें युद्ध जुंपलें, रोमनांस मोठें आरमार बांधावें लागलें, आणि नेपच्यूनची थोरवी त्या आरमाराबरोबर वाढत गेली.

थोरवी वाढली कीं देवावर हक्क सांगणारेही निघतात. ज्युलियस सीझरच्या वधानंतरच्या यादवींत सेक्स्टस पाँपी यानें सिसिली बेट बळकावून समुद्रावर वर्चस्व मिळविलें. तो आपणांस नेपच्यूनचा पुत्र म्हणवी, आणि त्याच्या नाण्यांवर नेपच्यून झळके. त्याच्याशीं लढतांना ऑक्टेव्हियनचीं, म्हणजे पुढील ऑगस्टस बादशहाचीं, गलबतें वादळांत फुटलीं. तेव्हां 'नेपच्यूनची इच्छा नसली तरी मी जिंकीन' अशा अर्थाचे उद्गार काढून त्यानें पुढच्या मिरवणुकींतून नेपच्यूनची मूर्तीच वगळली, असें चरित्रकार सुएटोनियस यानें लिहून ठेविलें आहे. इ. स. पूर्वीं ३६ त ऑक्टेव्हियनचा सेनापति अग्रिप्पा यानें सेक्स्टसचा पाडाव केला. आणि त्याच अग्रिप्पानें इ. स. पूर्वीं २५ त रोममध्यें नेपच्यूनच्या नांवें एक भव्य मंडप बांधिला. ज्याचा पक्ष जिंकेल त्याचा देव, हा न्याय नवा नाहीं. व्हर्जिल कवीच्या एनीड महाकाव्याच्या पहिल्याच सर्गांत नेपच्यून वादळ शमवितो तो एखाद्या धीरगंभीर मुत्सद्द्याप्रमाणें. यादवीनें थकलेल्या रोमला तेव्हां अशाच देवाची गरज होती.

रोमन साम्राज्य बुडालें, नेपच्यूनची पूजा थांबली. तरी तो मेला नाहीं. सोळाव्या शतकापासून इटलींतील शहरांत कारंजीं उभीं राहूं लागलीं, आणि बोलोन्या, फ्लॉरेन्स येथील कारंज्यांवर नेपच्यूनचे प्रचंड पुतळे चढले. ज्या बर्लिनमध्यें ग्रह सांपडला तेथेंही १८९१ त नेपच्यूनचें कारंजें झालें, आणि त्याच्या पायांशीं बसलेल्या चार स्त्रिया या समुद्र नसून ऱ्हाईन, एल्ब, ओडर व व्हिस्तुला या चार नद्या आहेत. शहराला गोडें पाणी पुरविणाऱ्या जागीं त्रिशूळधारी समुद्रदेव उभा करणाऱ्या शिल्पकारांस ठाऊक नसेल, पण त्यांनीं त्यास त्याच्या जुन्या घरींच परत नेऊन बसविलें.

१८४६ त ज्योतिषांनीं हें नांव घेतलें तेव्हां ग्रहाच्या रूपाशीं त्याचा कांहीं संबंध आहे असें कोणी मानलें नव्हतें. खरें म्हणजे वंशावळीचा क्रमही येथें मोडला. युरेनसच्या पलीकडे त्याचा पिता हवा होता, आणि बसला तो नातू, ज्युपिटरचा भाऊ. तरी पुढील शोधांनीं नांवास अनपेक्षित साक्ष दिली. या ग्रहाजवळून आजवर एकच यान गेलें आहे, तें व्हॉयेजर-२, २५ ऑगस्ट १९८९ रोजीं. त्यानें पाठविलेल्या चित्रांत नेपच्यून गडद निळा, समुद्रासारखा दिसला. तो गडदपणा मात्र चित्रें ठळक करतांना आलेला होता. २०२४ त प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणींत खरा रंग पुष्कळ फिका, हिरवट निळा, जवळजवळ युरेनससारखाच ठरला. हा रंगही पाण्याचा नव्हे. वातावरणांतील मिथेन वायु तांबडा प्रकाश शोषून घेतो म्हणून तो दिसतो. पाणी आहे तें आंत. शास्त्रज्ञांच्या आजच्या समजुतीप्रमाणें सुमारें ४९,५०० किलोमीटर व्यासाच्या या गोलाचा बहुतेक भाग पाणी, मिथेन व अमोनिया यांच्या तप्त व दाट द्रवाचा आहे. सूर्यापासून सुमारें ४५० कोटी किलोमीटर दूर, जेथें प्रकाशास पोंचावयास चार तासांहून अधिक वेळ लागतो, तेथें पाण्याचा देव खरोखरच पाण्यावर बसला आहे. एका प्रदक्षिणेस त्यास सुमारें १६५ वर्षें लागतात. शोधानंतरची पहिली फेरी २०११ च्या जुलैंत पुरी झाली. २००६ त प्लूटोस ग्रहांच्या पंक्तींतून उठविण्यांत आल्यावर नेपच्यून शेवटचा ग्रह उरला, आणि लेव्हेरिएनें नाकारलेलें जेनस हें नांव अर्थानें खरें ठरलें!

आमच्या देशांतही या ग्रहास दुसरें नांव मिळालें. कांहीं ग्रंथकारांनीं त्यास वरुण म्हटलें, आणि हिंदींत तेंच रूढ आहे. भाषांतर म्हणून तें योग्यच. पण वरुणाचा इतिहास पाहिला म्हणजे तें अधिकच योग्य वाटतें. ऋग्वेदांतील वरुण हा मुख्यतः ऋताचा रक्षक, आकाशांतून सर्वांचें वर्तन पाहणारा, पाश धारण करणारा सम्राट् आहे. तो समुद्राचा व पश्चिम दिशेचा स्वामी झाला तो पुढें. म्हणजे एक देव झऱ्यावरून आणि दुसरा आकाशांतून निघून दोघेही समुद्रावर येऊन पोंचले. आणखी एक मौज अशी कीं, एकोणिसाव्या शतकांतील पंडित वरुण या शब्दाची सांगड युरेनसशीं घालीत. ती आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञांस मान्य नाहीं, पण तिच्या आधारानें कोणी नामकरण केलें असतें तर आमचा वरुण एक घर अलीकडे बसला असता.

या संदर्भांत कै. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४-१९३०) यांचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें. 'ज्योतिर्गणित'कार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांनीं १९११ त फ्रेंच ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेंत नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असें अनुमान मांडिलें. ग्रहांच्या प्रदक्षिणाकालांतील प्रमाणांवर त्यांनीं तें बसविलें होतें, आणि त्या ग्रहांस त्यांनीं नांवें दिलीं तीं ब्रह्मा व विष्णु अशीं. त्यांची उपपत्ति पुढें टिकली नाहीं. परंतु लेव्हेरिएच्याच देशांतील पत्रिकेंत लिहितांना या मराठी गणित्यानें आकाशांत आपलें नांव कोरण्याचा मोह धरिला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या मतें नेपच्यूनच्या नांवाचा धडा हाच आहे. ज्ञानाच्या क्षेत्रांत श्रेय ज्याचें त्यास मिळालेंच पाहिजे. तें न मिळणें हा अन्याय होय. परंतु श्रेय देणें निराळें आणि सर्वांच्या मालकीच्या वस्तूवर एकाचें नांव घालणें निराळें. ग्रहास लेव्हेरिए म्हटलें असतें तर तें नांव उच्चारतांना प्रत्येक इंग्रजास आपला पराभव आठवता. ॲडम्स म्हटलें असतें तर फ्रेंचास चोरी आठवती. ज्या देवाची पूजा पंधराशें वर्षांपूर्वींच बंद पडली, ज्याचें स्वतःचें चरित्रही अर्धें उसनें, त्याच्या नांवावर कोणाचीच मालकी उरली नव्हती, आणि म्हणूनच तें सर्वांचें होऊं शकलें. हर्षल या नांवासंबंधीं आमचें कांहीं भांडण नाहीं. आमच्या भाषेंत तें इतकें मुरलें आहे कीं त्यांतील मनुष्य आतां कोणास आठवत नाहीं. मनुष्याच्या नांवास ग्रहाचें नांव होण्यासाठीं असें आधीं विसरलें जावें लागतें.

श्रेयाची व्यवस्थाही कालांतरानें बरीच न्याय्य लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदक १८४६ त लेव्हेरिएस आणि १८४८ त ॲडम्सला मिळालें. दोघे १८४७ त इंग्लंडांत भेटले आणि राष्ट्रें भांडत असतां सलोख्यानें वागले. ग्रहाचा मोठा उपग्रह शोध लागल्यापासून सतराव्याच दिवशीं लॅसेल या लिव्हरपूलच्या दारू गाळणाऱ्या व्यापाऱ्यास सांपडला होता. त्यास पोसायडनच्या पुत्राचें ट्रायटन हें नांव मिळालें. बाकीचे उपग्रहही ग्रीक कथांतील जलदेवता आहेत, आणि त्यांत एक नेयड, म्हणजे झऱ्याची अप्सरा, आहे. पुढें नेपच्यूनभोंवतीं धूसर कडीं असल्याचें आढळलें आणि व्हॉयेजरनें त्यांचीं चित्रें पाठविलीं. त्यांस नांवें दिलीं आहेत तीं आंतून बाहेर या क्रमानें गाले, लेव्हेरिए, लॅसेल, आरागो आणि ॲडम्स अशीं. सर्वांत बाहेरच्या, इंग्रज ॲडम्सच्या कड्यांत कांहीं भाग अधिक दाट आहेत. त्यांना स्वातंत्र्य, समता व बंधुता या अर्थाचे फ्रेंच राज्यक्रांतीचे शब्द दिले आहेत. ज्यानें नकाशा घेण्यास सुचविलें त्या दारेस्टच्या वांट्यास मात्र तेथें एकही कडें आलेलें नाहीं.